आत्याबाईंनी बिबट्या पाहिला

सकाळच्या एसटीने आम्ही वैजापूर सोडलं, तेव्हा माझे यजमान स्टँडवर तोंड पाडून उभे होते. "आई, अजून विचार कर," ते खिडकीशी येऊन म्हणाले.

"आठ महिने इचारच केला," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर घट्ट आवळून घेतला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला अशीच हाक मारतात. आमचं शेत गावाकडे, गोदावरीच्या अंगाला. आदल्या भादव्यात त्या उसाच्या कडेला गवत कापत बसल्या असताना बिबट्याने त्यांच्या पाठीवर उडी घेतली. शेजारचे एकनाथभाऊ ओरडत धावून आले आणि तो उसात पळाला. खांद्यावरचे टाके महिन्याभरात सुकले. पण त्यानंतर आत्याबाई शेतात गेल्याच नाहीत. आमच्याजवळ वैजापुरात राहायला आल्या. अंगणात कुणी धपकन पोतं टाकलं तरी भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. वनखात्याच्या लोकांनी पिंजरा लावून एक बिबट्या धरून नेला, तरीही काही फरक पडला नाही.

भीतीपेक्षाही त्यांना एक गोष्ट जास्त खात होती. भेटायला आलेली एक बाई बोलून गेली होती, "एवढी माणसं रानात व्हती, मग हिलाच का धरलं?" तेव्हापासून आत्याबाई कुणाशी धड बोलत नव्हत्या. मग एके दिवशी भाकरी थापता थापता त्या मला म्हणाल्या, "सुमन, मी त्याला बघितलंच नाय. पाठीवर पडला तवा नुसतं वजन कळलं, आन् वास. औरंगाबादच्या बागेत बिबट्या हाय म्हनं. मला त्यो उजेडात बघायचाय."

यजमान नको म्हणत होते. मलाही धाकधूक होतीच. दाखवून वाईट झालं तर बोल मलाच लागणार होता.

वाटेत लासूरला गाडी गच्च भरली. एका बाईने आपली कोंबडीची पाटी आत्याबाईंच्या पायाशी सरकवली आणि विचारलं, "दवाखान्यात निघालात काय?"

"नाय. जनावरं बघाया," आत्याबाई म्हणाल्या. ती बाई मनापासून हसली. बऱ्याच दिवसांनी आत्याबाईही थोड्या हसल्या.

बाग मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच आहे. दारातून आत गेलं की आधी हिरवळ आणि कारंजं, मग मुलांची झुकझुक गाडी, आणि त्यामागे प्राणिसंग्रहालय. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत आणि बागेत हत्तीही होते. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. सगळीकडे पोरांचा कलकलाट.

पहिल्यांदा माकडं. तिथे आत्याबाई फार रमल्या नाहीत. "ही तर आपल्या लिंबावर बी येतात," म्हणाल्या. मगरी हौदाच्या काठावर तोंडं उघडी टाकून पडल्या होत्या. त्या जिवंत आहेत की सिमेंटच्या, यावर पोरांची पैज लागली होती. एकीने डोळा मिटला तशी सगळी पोरं किंचाळली. हत्तीणीपुढे मात्र आत्याबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. तिच्या पायात साखळी होती आणि ती जागच्या जागी डुलत होती. पोरांना वाटलं, नाचतेय. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "नाचत नाय ती. दावणीला लई दिवस बांधलेली म्हस अशीच करती."

पुढे पांढरा वाघ. खरी गर्दी तिथेच. लोक खांद्यावर पोरं घेऊन उभे होते. वाघ पाण्यात बसला होता आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हता. उन्हाने माझ्या घशाला कोरड पडली होती. आत्याबाईंना झाडाखालच्या बाकावर बसवून मी म्हटलं, "पाणी आणते. मग आपण बिबट्याकडे हळूहळू जाऊ. माझा हात सोडायचा नाही."

नळावर रांग होती. बाटली भरून परत आले, तर बाक रिकामा.

मी वाघाभोवतीची गर्दी पाहिली, हत्तीणीकडे पळत गेले, माकडांपाशी पाहिलं. कोणीही म्हातारी बाई दिसली की धावायचे. यजमानांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात फिरत होतं. शेवटी एका बाईंनी हात करून दाखवलं, "हिरव्या लुगड्यातल्या ना? त्या तिकडं बसल्यात."

बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर, कठड्याच्या अलीकडे, आत्याबाई जमिनीवर बसल्या होत्या. एकट्याच आल्या होत्या. शेजारी खाकी कपड्यातला पिकल्या दाढीचा एक माणूस उकिडवा बसला होता. त्यांचं नाव कय्यूमचाचा, प्राण्यांना खाऊपिऊ घालणारे. आत लाकडी फळीवर बिबट्या झोपला होता. शेपूट खाली लोंबत होतं.

मी रागावणार होते, पण तशीच त्यांच्या शेजारी टेकले.

"हाच का?" त्या चाचांना विचारत होत्या. "आमच्या रानात धरला त्यो?"

"नहीं अम्मा. ये कब का हय. बावडी (विहीर) में गिर्या था, पाँव टूट गया. जंगल में छोडे तो मर जाता."

तेवढ्यात बिबट्या उठला. फळीवरून उतरला, किंचित लंगडत जाळीपर्यंत आला आणि घशातून खरखरला, करवतीने लाकूड कापावं तसा. आत्याबाईंनी माझ्या मनगटात नखं रुतवली. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. "चला, जाऊ या," मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बिबट्याने एकदा आमच्याकडे बघितलं, मग पाठ फिरवून पाणी प्यायला गेला.

"एवढाच व्हय?" आत्याबाई पुटपुटल्या. "मला वाटलं, बैल पडला अंगावर. हा तर वासराएवढा बी नाय."

मग त्यांनी आठ महिने मनात धरलेला प्रश्न विचारला. "चाचा, रानात एवढी माणसं व्हती. मलाच का धरलं त्यानं?"

चाचांनी उलट विचारलं, "तुम खडे थे, की बैठे थे?"

"बसून गवत कापत व्हते."

"तो फिर. झुक के बैठा आदमी इसकू बकरी दिखता. तुमकू नहीं पकड्या अम्मा, बकरी कू पकड्या. और पकड्या तो छोड्या कब? तुम उठे तब?"

आत्याबाई आठवू लागल्या. मीही आठवू लागले. आम्ही सगळ्यांनी ती हकिगत किती वेळा सांगितली होती, पण त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं.

"मी दोन्ही हात टेकवले," त्या सावकाश म्हणाल्या. "जोर करून उभी राहिले. त्याला घेऊनच उठले. मग पाठ हलकी झाली. एकनाथभाऊ... त्ये नंतर आले. बांध ओलांडताना दिसले मला."

"खडा आदमी देखे तो ये डरता," चाचा म्हणाले. "तुमीच भगाए उसकू."

आत्याबाई रडल्या. मोठ्याने नाही, पण पदर ओला होईपर्यंत. येणारेजाणारे बघत होते. चाचांनी तोंड फिरवून झाडलोट सुरू केली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. टाक्यांचे व्रण चोळीतून लागत होते. निघताना त्यांनी आमच्या डब्यातल्या दोन भाकऱ्या आणि ठेचा चाचांच्या हातात दिला. चाचा म्हणाले, "अब बैठ के घास नक्को काटो." आत्याबाईंनी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

मग त्यांनाच भूक लागली. गुलमंडीच्या बाजारात जाऊन आम्ही गरम इमरती खाल्ली. पाकाने त्यांची बोटं चिकटली, आणि "अजून एक सांग," म्हणाल्या. परतीच्या गाडीत त्या लासूरपर्यंत खिडकीबाहेरचा ऊस बघत होत्या. मधे एकदाच बोलल्या, "भ्या गेलं नाय, सुमन. पर मी काय पाप केलं नव्हतं."

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं शेतात गेलो. उसाच्या कडेला आत्याबाई थांबल्या, त्यांचा श्वास वाढलेला मला ऐकू येत होता. यजमान म्हणाले, "आई, राहू दे." आत्याबाईंनी उसाकडे तोंड करून एक खणखणीत हाळी दिली आणि कडवळाच्या (गुरांच्या हिरव्या चाऱ्याच्या) वाफ्यात शिरल्या. कडवळ उभ्याने कापता येतं.

त्या बागेत काय बघावं, असं आजही मला कुणी विचारतं. लोक पांढऱ्या वाघापुढे गर्दी करतात, आणि वाघ देखणा आहेच. पण बिबट्यापाशीही थोडं थांबावं, असं मी सांगते. आणि त्याला खाऊ घालणारा माणूस जवळपास असला, तर मनातलं विचारायला लाजू नये.