मुलाखतीला आलेली म्हैस

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या मागे एक म्हैस लागली.

हे वाक्य मी शब्दशः लिहिते आहे. कुणा नणंदेला किंवा शेजारणीला टोमणा मारायचा असता तर मी तिचं नाव घेऊन मारला असता, तेवढी स्पष्टवक्ती मी आहे. खरीखुरी म्हैस! काळीभोर, चार पायांची, शिंगांना नुकताच लाल रंग दिलेली. नाव हरणी. (ज्यानं हे नाव ठेवलं त्याचे डोळे एकदा तपासून घ्यायला हवेत.)

झालं असं. ज्या कंपनीचं ऑफिस मी पंचवीस वर्षं सांभाळलं, ते ऑफिस पुण्याला हललं. मी हलले नाही. लेक नोकरीसाठी आधीच बंगळुरूला गेलेली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात उरलो मी आणि माझे यजमान विलासराव. पहिल्या आठवड्यात मी घर आवरलं. दुसऱ्या आठवड्यात डाळी-मसाल्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तिसऱ्या आठवड्यात यांच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन खिळ्यांची लांबीप्रमाणे मांडणी करायला घेतली, तेव्हा यांनी हात जोडले.

"अगं, माणसाला या वयात काहीतरी ध्येय पाहिजे बघ."

"कसलं ध्येय?"

"कसलंबी चालेल. दुकानाच्या बाहेरचं असलं म्हणजे झालं."

मी ते मनावर घेतलं. 'उरलेल्या आयुष्यात काय करायचं' अशी यादीच केली. पेटी शिकायला गेले. मास्तरांच्या वाद्यांवर काळी एक, काळी दोन अशा चिठ्ठ्या लावून दिल्या, तर मास्तरच क्लासला यायचे बंद झाले. पोहायला गेले, पाण्यात उतरायच्या आधी रांग कशी असावी हे बायकांना समजावून सांगितलं, तर त्यांनी माझ्यासाठी वेगळी वेळ मागितली. (माझ्यासाठी म्हणजे, मी नसेन अशी त्यांच्यासाठी.)

वरवर हे सगळं गमतीचं होतं. पण सकाळी साडेनऊला हे दुकानात गेले की घर एकदम गप्प व्हायचं. फोन वाजला की मी धावायचे, आणि पलीकडून कुणीतरी कर्ज हवंय का विचारायचं. माझ्यावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं. ज्या बाईनं पंचवीस वर्षं 'मॅडम, हे कुठंय?' या प्रश्नाची उत्तरं दिली, तिला कुणी काही विचारेनासं झालं की ती स्वतःच हरवल्यासारखी होते.

अशात ती जाहिरात दिसली. राजारामपुरीतल्या एका महिला मंडळाला मुलींच्या वसतिगृहासाठी व्यवस्थापिका हवी होती. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुली, एक स्वयंपाकघर, एक कोठीघर, आणि मी चौकशी केली त्यावरून शिस्तीच्या नावानं शंख! मला वाटलं, कुणीतरी मला नावानंच हाक मारतंय. ही जागा मला हवी म्हणजे हवीच होती. फक्त शेवटी एक ओळ होती : दुचाकी चालवता येणं आवश्यक.

आता, गाडीवर मागे बसून मी गाडी अतिशय उत्तम चालवते. हे स्वतः चारचौघांत सांगतात. पण पुढे मी कधीच बसले नव्हते.

मी अर्ज टाकला. मुलाखतीला दोन महिने अवकाश होता, तेवढ्यात यांनी मला स्वतःच्या स्कूटरवर शिकवलं. महिनाभर, रोज पहाटे, मोकळ्या मैदानावर. मी रीतसर परवाना काढला. "एक गोष्ट डोक्यात ठेव," हे रोज सांगायचे, "वळण आलं की हॉर्न. दुसऱ्याला कळलं पाहिजे आपण येतोय." मी ते इतकं मनावर घेतलं की स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जातानाही खाकरायला लागले.

मग गाडी. मागच्या गल्लीत दिनकरतात्यांचा गोठा आहे. आम्हाला दूध त्यांचंच. तात्यांनी नवी दणदणीत मोटरसायकल घेतली होती आणि जुनी स्कूटर विकायची होती. दिवाळीचा पाडवा चार दिवसांवर आला होता, गडबड चाललेली. पाडव्याला आमच्याकडे म्हशींना अंघोळ घालून, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून रस्त्यावर आणतात आणि मालक गाडीवर पुढे, म्हैस मागे, अशा पळवतात. तात्यांच्या हरणीचा दरवर्षी भाव असायचा.

मी गाडी तपासून घेतली. टायर, ब्रेक, बॅटरी, कागदपत्रं, विमा, आरसे, डिकीचं कुलूप. एकही गोष्ट सोडली नाही. तात्या कौतुकानं म्हणाले, "वैनी, गाडी घ्यावी तर तुमच्यासारखी!" या गाडीमागून म्हैस पळते का, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. कुणाला सुचेल?

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी गाडी दारात आली. दुसऱ्या दिवशी अकराला बोलावलं होतं. मी साडेदहाला निघाले. कडक इस्त्रीची साडी, डिकीत फाईल, पदराला तीन ठिकाणी पिना. गल्लीच्या टोकाला पहिलं वळण आलं. मी नियमाप्रमाणे हॉर्न दिला. जरा घाबरलेली होते म्हणून चांगला तीन वेळा दिला.

पलीकडे तात्या साबणाचा फेस लावून हरणीला धूत होते. तिनं मान वर केली. आणि मग मागून बादली उलथल्याचा आवाज आला आणि तात्यांची आरोळी : "हरणेऽऽ! आगं तिकडं न्हाई!"

आरशात मला एक म्हैस दिसली. मला वाटलं, कडेला बांधलेली असेल. पुढच्या वळणावर आरशात पुन्हा म्हैस दिसली. मला वाटलं, या भागात म्हशी फार आहेत. तिसऱ्या वळणावर लक्षात आलं की प्रत्येक म्हशीच्या पाठीवर साबणाचा फेस आहे!

मी गाडी पळवली. तीही पळाली. मी आणखी पळवली. ती आणखी आनंदानं पळाली. लोक बाजूला व्हावेत म्हणून मी हॉर्न वाजवत होते, आणि प्रत्येक हॉर्नसरशी मागचा टपटप आवाज जवळ येत होता. दुतर्फा माणसं गोळा व्हायला लागली. कोल्हापुरात म्हैस पळताना दिसली की दवाखान्यात निघालेला माणूससुद्धा थांबतो.

"नाद खुळा वैनी! सोडू नगासा!"

"आरं, बाईमाणूस म्हस पळवतंय बघ! तेबी साडीत!"

"मी पळवत नाहीये!" मी ओरडले. "ती पळतेय!"

"तेच की! आशीच पळाय पायजे!"

रस्त्यात यांचं दुकान लागतं. गलका ऐकून हे दारात आले.

"अगं, मागं बघ!"

"बघितलंय! तात्यांना फोन करा!"

"काय सांगू?"

"म्हैस राजारामपुरीला निघालीय म्हणून सांगा!"

"कशाला?"

"मुलाखतीला!"

मी परत का फिरले नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. पंचवीस वर्षांत मी कुठेही उशिरा पोचलेले नाही. एका म्हशीपायी ती सुरुवात मी करणार नव्हते. आणि मुलाखत चुकली तर पुन्हा तेच साडेनऊ, तेच गप्प घर. त्यापेक्षा म्हैस परवडली.

चौकात लाल दिवा लागला. मी थांबले. (नियम म्हणजे नियम.) हरणीही थांबली. माझ्या शेजारी येऊन तिनं ओली हनुवटी मागच्या सीटवर ठेवली आणि उसासा टाकला. वाहतुकीचा हवालदार आला.

"म्हस तुमची हाय?"

"नाही."

"मग तुमच्याजवळ कशापायी थांबलीया?"

"सिग्नल लाल आहे म्हणून."

त्यानं सिग्नलकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं, मग शेजारी पांढऱ्या पट्ट्यावर गाडी आणून उभ्या राहिलेल्या एका मोटरसायकलवाल्याकडे वळून तो कडाडला, "पावणं, गाडी मागं घ्या की! म्हस बघा कशी पट्ट्याच्या मागं हुबारलीया! लाज वाटू द्या जरा!"

अकराला पाच मिनिटं कमी असताना मी वसतिगृहाच्या फाटकातून आत शिरले. शेवटचं वळण असल्यामुळे, काय सांगू, सवयीनं हॉर्न दिला. हरणी माझ्या आधी आत!

व्हरांड्यात मंडळाच्या अध्यक्षा अक्कासाहेब बसल्या होत्या. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या मुलींनी भरल्या. मी गाडी स्टँडवर लावली, पदर सारखा केला, फाईल काढली आणि नमस्कार केला.

अक्कासाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "दुचाकी येते का?"

"येते."

"आणि म्हैस?"

"तीसुद्धा येते. मी नको म्हणत होते."

अक्कासाहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी घाईघाईनं सगळा खुलासा करायला सुरुवात केली. गाडी, तात्या, पाडवा. तेवढ्यात हरणी अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांमधून आरपार गेली आणि पलीकडे निघाली तेव्हा तिच्या एका शिंगावर गुलाबी ओढणी होती. मुली किंचाळल्या. हरणीला ते कौतुक वाटलं असावं. ती थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथे दुपारच्या जेवणाच्या भाकरींची टोपली होती. स्वयंपाकाच्या मावशी आतून ओरडल्या, "आगं बया! भाकरी खाल्ल्या की समद्या!"

मला कळलं की संपलं. नोकरी गेली. आता सभ्यपणा कशासाठी पाळायचा?

मी फाईल अक्कासाहेबांच्या मांडीवर ठेवली आणि अंगणात उतरले. "लाल ड्रेस, फाटक लाव! तू आणि तू, मोबाईल खिशात, बादलीभर पाणी आणा! तिच्या मागे कुणी जायचं नाही, समोरून जायचं! मावशी, तांदूळ किती आहेत? भात टाका, पिठलं करा, जेवण वेळेवर होईल. आणि ही कपड्यांची दोरी इथे बांधलीच कुणी? येण्याजाण्याच्या वाटेत? उद्यापासून मागच्या बाजूला!"

हरणी पाणी प्यायली आणि कढीलिंबाच्या झाडाखाली बसली. ओढणी मी स्वतः सोडवून घडी करून दिली. पाच मिनिटांत अंगणात अशी शांतता झाली की पिठल्याची फोडणी ऐकू आली.

मग फटफटफटफट करत तात्यांची नवी मोटरसायकल आली. तात्या अर्धे भिजलेले, अंगाला साबण.

"हरणे! चल!" हरणीनं मान फिरवली. तात्यांनी मोटरसायकलची मूठ पिळून मोठा आवाज काढला. हरणीनं डोळे मिटले.

"आठ दिस झालं, ह्या गाडीला वळखच दीना," तात्या रडवेले होऊन म्हणाले. "वैनी, तुमी जरा हॉर्न मारा की."

"तात्या! हे गाडी विकताना नाही का सांगायचं?"

"तुमी टायर इचारलासा, बॅटरी इचारलासा, डिकीचं कुलूपबी इचारलासा. म्हशीचं इचारलासाच न्हाई की!"

स्कूटर तात्यांनी परत घ्यायची, असं आम्ही तिथेच अंगणात ठरवलं. तात्या स्कूटरवर बसले, हॉर्न दिला, आणि हरणी लाजत उठून त्यांच्यामागून फाटकाबाहेर गेली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. नवी मोटरसायकल संध्याकाळी घेऊन जातो, असं तात्या जाताजाता म्हणाले.

मी व्हरांड्यात परत गेले. माझ्या साडीवर चिखल होता, एक पिन उघडी होती.

"माफ करा, अक्कासाहेब. फाईल देता का? निघते मी. आता तर दुचाकीही राहिली नाही."

अक्कासाहेबांनी फाईल उघडलेलीच नव्हती. त्या अंगणाकडे बघत होत्या.

"ती कपड्यांची दोरी," त्या म्हणाल्या, "मी सहा वर्षं सांगतेय, मागं बांधा म्हणून. कुणी ऐकत नाही." मग चष्मा काढला. "दुचाकीची अट मी काढली. उद्यापासून या. चालत आलात तरी चालेल." आणि चष्मा पुन्हा चढवून, "चालतच या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या आयुष्याला निघाले. नवी साडी, पायात चालायचे बूट. दिवसाची आखणी मनात तयार. वसतिगृहाच्या वळणावर आले आणि थबकले. फाटकाशी साऱ्या मुली दोन रांगांत उभ्या होत्या. दारात रांगोळी, कुणाच्या हातात झेंडूची माळ, कुणाच्या हातात ताटभर भाकरी. माझा ऊर भरून आला. उतारवयात माणसाला आणखी काय हवं असतं? मी डोळे टिपले, मान ताठ केली आणि रांगांच्या मधून हसत हसत चालू लागले.

कालची लाल ड्रेसवाली पुढे झाली, माझ्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे नजर टाकली, आणि तिचा चेहरा पडला.

"हे काय मॅडम," ती म्हणाली, "एकट्याच आलासा?"