वरकुट्याच्या खळ्यावरची रास

त्या माघात माझे आणि मोरयाचे अजिबात पटत नव्हते. रोज संध्याकाळी दिवा लावायचा आणि त्याच्याशी भांडायचे, असा माझा नेम झाला होता. बारामतीच्या कडेला आमचा बालकाश्रम होता. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे चुलीची जागा. आईबाप गेलेली, नाहीतर घरी पोसायला कोणी नसलेली मुले तिथे राहत. मी त्यांचा स्वयंपाक करायची, केस विंचरायची, आणि रागवायचे खातेही माझ्याकडेच होते. आश्रम उभा केला तो आबांनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसे देवदेव करतात, आबांनी दुसऱ्यांची पोरे घरात आणली.

आबांची एक पद्धत होती. ज्वारीची खळी सुरू झाली की ते कोणाची तरी बैलगाडी मागून घेऊन गावोगाव हिंडायचे. रास मोजून झाली की शेतकरी मुलांच्या नावाने काही मापे घालायचे, आणि त्यावर आमचे वर्ष निघायचे. पण आदल्या साली पावसाने दगा दिला, लोकांच्याच कणग्या रिकाम्या राहिल्या. यंदा पीक बरे आले, तर आबाच ओसरीवरून पडले आणि कमरेने अंथरुणाला खिळले. घरातली ज्वारी डब्याच्या तळाला लागली. शेवटी आबांनी जड मनाने ठरवले की ज्यांना कोणी नातेवाईक आहेत, त्या मुलांना परत पाठवायचे.

त्यात इंदू आणि बनी होत्या. सख्ख्या बहिणी. इंदू कामाला येण्याजोगी मोठी, बनी लहान आणि पायाने अधू. त्यांचा मामा येऊन सांगून गेला की पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो, इंदूला नेतो, धाकटीला मात्र नेता येणार नाही. इंदूने ते ऐकले. त्या दिवसापासून ती बनीला जवळ घेऊन जेवायला बसू लागली. मला ते बघवत नव्हते. मी मोरयाला म्हटले, एवढे मोठे कान कशाला ठेवलेस बाबा, ऐकायचेच नाही तर?

मग मीच निघाले. कन्हेरीच्या एका शेतकऱ्याने गाडी दिली, सोबत आपला म्हातारा गाडीवान धोंडीबा दिला. बैलजोडी त्या शेतकऱ्याने आदल्याच साली इंदापूरच्या बाजारातून घेतली होती. निघताना आबांनी अंथरुणातून शिकवण दिली, "हात जोडायचे, मुलांची हकिकत सांगायची आणि मग गप्प बसायचे. पहिली दोन तुम्हाला जमतील."

इंदापूरच्या बाजूला आबांच्या ओळखीचे एक मोठे बागाईतदार होते, त्यांच्यावर आमची सगळी भिस्त. मुक्काम करून सकाळी त्यांच्याकडे पोचलो. मी हात जोडले, हकिकत सांगितली, आणि खरेच गप्प बसले. त्यांनी चहा दिला, सगळे ऐकून घेतले, आणि म्हणाले, "यंदा न्हाय जमायचं, बाई. पुढच्या सालाला बघू." पुढच्या साली! मी उठले. गाडीत बसल्यावर मात्र धीर सुटला. पदर तोंडाशी धरून मी पोटभर रडले. इंदूला काय तोंड दाखवू, एवढाच विचार डोक्यात होता. रडून झाल्यावर मनातल्या मनात मोरयाला म्हटले, आता तुझे तू बघ, माझे संपले. त्यात भक्ती नव्हती, नुसता वैताग होता. ऊन चढले होते, दोन दिवसांची दगदग होती. माझा कधी डोळा लागला ते कळले नाही. धोंडीबाचाही लागला होता, हे नंतर समजले.

जाग आली ती गाडी थांबल्यामुळे. उन्हे कलली होती. भोवती सारवलेले खळे, समोर ज्वारीची मोठी रास, आणि पंधरा-वीस अनोळखी माणसे आमच्याकडे बघताहेत. मी दचकले आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मोठ्याने ओरडले, "अहो धोंडीबा! कुठे आणून घातलेत मला?"

कोणी उत्तर दिले नाही. माप हातात धरलेला माणूस तसाच थांबला. आणि मग माझ्या लक्षात आले. रास मोजणे चालू होते. आमच्या भागात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि त्यानंतर मोजणाऱ्याखेरीज कोणी अवाक्षर काढत नाही. मध्येच कोणी बोलले तर राशीची बरकत जाते, असे मानतात. हे मला लहानपणापासून ठाऊक. आणि मी परक्याच्या खळ्यावर येऊन, वर्षाच्या कष्टावर तोंड टाकले होते.

तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. ती खळ्याच्या मालकाची आई. मला वाटले, आता आपला उद्धार होणार. पण ती थेट बैलांपाशी गेली आणि एकाच्या गळ्यात पडली. "आला व्हय रं माझ्या सोन्या! घर बरं सापडलं रं तुला!" बैल तिचा हात चाटू लागला. जोडी तिचीच होती. आदल्या साली वैरण नाही म्हणून डोळे पुसत बाजारात पाठवली होती. गाडीवान झोपल्यावर बैलांनी आपली जुनी वाट धरली आणि आम्हाला त्यांच्या गावी, वरकुट्याला, आणून उभे केले.

मी खाली उतरून हात जोडले. "आजी, माझं चुकलं. झोपेत बोलून गेले. तुमची रास बाटवली मी."

"बाटती कशाला? आमच्या सासऱ्यापासनं रीत हाय," म्हातारी म्हणाली. "बोल पडला की मोजल्यालं परत राशीत टाकायचं न्हाय. ते देवाचं. र्‍हायल्यालं नव्यानं मोजायचं. तुमी कोन, कुटनं आला, ते सांगा आदी."

मी सांगितले. आबांनी शिकवले होते तसे नाही, कसेही, रडत, इंदू-बनीचे नाव घेत सांगितले. म्हातारीने ऐकले आणि मुलाकडे वळून म्हणाली, "तात्या, देवाचं कुटं न्यायचं त्ये ठरलं बग."

तात्याने मोजलेल्या ढिगाकडे पाहिले, उरलेल्या राशीकडे पाहिले. निम्म्याला थोडेच कमी मोजून झाले होते. मला वाटले, हा आता काही तरी म्हणेल, आणि म्हणाला तर त्याची चूक नाही. तो हसला. "बाई, जरा आदी तरी जागं व्हायचं! पार निम्म्यापातूर आलो की आमी!" सगळे खळे हसले. मग त्यानेच पोती भरून गाडीत चढवली. उरलेली रास मोजायला बसण्याआधी सगळ्यांनी माझ्याकडे बघितले, आणि मी शेवटचे माप पडेपर्यंत पदराचा बोळा तोंडात धरून बसले. शेजारच्या खळ्यांवरूनही ज्वारीच्या पाट्या आल्या. पुढच्या सुगीपर्यंत पुरेल एवढे धान्य घेऊन आम्ही परतलो. बैलांना तिथून हलवायला मात्र म्हातारीला वेशीपर्यंत सोबत चालावे लागले.

बाजाराच्या दिवशी मामा आला. इंदू दाराआड उभी राहिली. मी त्याला सांगितले, "इंदू कुठे जायची नाही. दोघी इथेच राहतील. तुम्ही जेवून जा." मला वाटले होते तो भांडेल, मी तयारीत होते. तो मटकन ओसरीवर बसला आणि डोळे पुसू लागला. "लई बरं झालं, मावशी. एकीला न्यायची आन् एकीला हितं टाकायची, कुटल्या त्वांडानं केलं असतं मी? माझ्या घरातबी खायाला न्हाय वो." बनीने त्याला पाणी आणून दिले. दोन्ही भाच्यांना दोन्ही बाजूंना बसवून तो पोटभर जेवला.

बैल आपल्या घरी गेले, यात चमत्कार कसला, असे कोणी म्हणेल. मी वाद घालणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे की जिथे मी शहाण्यासारखे वागले तिथून रिकामी आले, आणि जिथे चुकले तिथे माझी झोळी भरली. त्या दुपारी गाडी मी हाकत नव्हते, धोंडीबाही नव्हता. तेव्हापासून माझ्या हातून होईल ते मी करते, भांडतेही, आणि उरलेले मोरयावर सोडून निवांत झोपते. त्याने माझ्या दोन पोरींची ताटातूट होऊ दिली नाही. आणखी काय मागू?