पंचमीचा मुराळी

मुन्शीजी भर पावसातही छत्री उघडत नसत. ती कायम बगलेत. विचारलं तर म्हणायचे, "नवी दिसली पायजे. लेकीच्या सासरी जायाचंय."

धाराशिवच्या सरकारी बालिकाश्रमातल्या आम्हा मुलींसाठी गावातल्या चार भल्या माणसांनी मंडळ काढलं होतं. मुन्शीजी त्याचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे आमच्यासाठी दारोदार ज्वारी मागणारा आणि डोक्यात उवा झाल्या की औषध घेऊन येणारा माणूस. निजामाच्या कचेरीत जन्म गेलेला, त्यामुळे अर्ज मात्र असा लिहायचे की साहेबाला नाही म्हणता येऊ नये.

आश्रमातली मुलगी उजवली की बाकीचे सभासद अक्षता टाकून मोकळे होत. मुन्शीजींचं काम तिथून पुढं सुरू व्हायचं. "लेक दिली म्हंजी सरलं न्हाय. पंचमीला दार वाजवाया कुणीतरी पायजे." नागपंचमीला लेकीला न्यायला माहेरचा मुराळी येतो. आमच्याकडं कोण येणार? तर हे यायचे, लाह्यांची पुरचुंडी घेऊन. येडशी, बेंबळी, मग वाशीला माझ्याकडं. आश्रमातल्या लिंबाला झोका बांधलेला असायचा.

माझ्या सासूबाई मला बिनमाहेराची म्हणत. पहिल्या पंचमीला मुन्शीजी दारात उभे राहिले आणि ते बोलणं बंद झालं.

तिसऱ्या वर्षी घरात नवी जाऊ आली होती. तिचा भाऊ सजवलेली बैलगाडी घेऊन आला, आणि त्याच वेळी ठिगळाच्या शेरवानीत, चिखलानं भरलेल्या पायांनी मुन्शीजी. जावेनं विचारलं, "हे कोण वो तुमचे?"

"आश्रमातले कारकून हायेत," मी म्हणाले. वर त्यांना सांगितलं, यंदा यायला जमायचं नाही.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. पुरचुंडी ओट्यावर ठेवून म्हणाले, "बरं बेटा. सुखी ऱ्हा."

पाऊस लागलाच होता. वेशीकडं जाताना त्यांनी छत्री उघडली. ती जागोजागी फाटलेली होती. मला हाक मारावीशी वाटली, पण जाऊ शेजारी उभी होती.

दिवाळीनंतर आश्रमातून कार्ड आलं. मुन्शीजी गेले होते. मी ते कुणाला दाखवलं नाही. कारकुनासाठी कुणी रडतं का? चुलीच्या धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

पुढच्या पंचमीला सासूबाईंनीच विचारलं, "तुझा मुराळी कसा आला न्हाय गं अजून?"

जाऊ तिथंच लाह्या पाखडत बसली होती. मी म्हणाले, "आत्याबाई, माझा बाप वारला."

'माझा बाप' एवढं मला वर्षभर आधी म्हणता आलं असतं. तेव्हा ते दारात उभे होते.