जित्या माणसाचं भाषण

मन्मथअप्पा मयताला निघाले की दुकानातल्या आरशासमोर उभे राहून टोपी सारखी करायचे, घसा खाकरायचे आणि दाढेखाली एक लवंग धरायचे. लवंगेनं आवाज लागतो, असा त्यांचा अनुभव. अप्पांच्या तोंडाला लवंगेचा वास आला की गावात कुणीतरी गेलं, हे आम्हा पोरांना लहानपणीच कळायला लागलं होतं.

बेंबळीच्या पुढं आमचं गाव. पेठेच्या तोंडाशी अप्पांचं कापडाचं दुकान आणि त्याच्या पाठीला लागून आमचं घर. मी धाराशिवला नोकरी करतो, पण रोज एसटीनं जाऊन-येऊन, त्यामुळं गावात काय चाललंय ते मला न विचारता कळतं. आमच्याकडं माणूस गेला की आधी स्मशानात माईक लागतो. सोसायटीचे, पक्षाचे, भजनी मंडळाचे, सगळे दोन दोन शब्द बोलतात आणि मग उरलेला विधी होतो. या कामात अप्पांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. आसपासच्या खेड्यांतून माणसं मोटारसायकल घेऊन त्यांना न्यायला यायची आणि अप्पा गिऱ्हाईक तसंच सोडून मागं बसून जायचे.

वाईटातल्या वाईट माणसाचं चांगलं बोलायची त्यांची हातोटी बघण्यासारखी होती. शेजाऱ्याचा बांध दरसाल वीतभर कोरणारा एक म्हातारा गेला, तेव्हा अप्पा म्हणाले, "जमिनीवर असा जीव लावनारा मानूस म्या दुसरा बघितला न्हाय." ज्याचा बांध कोरला होता तो समोरच बसला होता. त्यालाही मान डोलवावी लागली. सकाळपासूनच प्यायला बसणाऱ्या एकाला त्यांनी 'मनात कधी काही न ठेवणारा' म्हटलं. सगळ्या गावाशी भांडून मेलेल्यालाही शेवटी 'अजातशत्रू' हा शब्द मिळायचाच. मी एकदा हसत हसत विचारलं, की अप्पा, इतकं खोटं कसं सुचतं? ते रागावले नाहीत. लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सारून म्हणाले, "खोटं न्हाय रं. शोधावं लागतंय. सापडतंय काहीतरी."

दुर्दैव एवढंच, की हे शोधणं फक्त मेलेल्यांपुरतं होतं. जिवंत माणसाशी अप्पा फार तुसड्यासारखे वागायचे, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या धाकट्या भावाशी. गुरुलिंग त्याचं नाव, गाव त्याला गुरू म्हणायचं. अप्पा माइकवर असायचे तेव्हा दुकान गुरूच बघायचा. पहाटे झाडलोट, सोलापूरहून माल आणणं, आहेराची लुगडी दाखवता दाखवता बायकांच्या माहेरची चौकशी करणं, सगळं तोच. आणि अप्पा परत आले की ठाण उलगडून बघायचे आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "एवढं वय झालं, अजून घडी नीट घालता येत न्हाय ह्याला." गुरू हसायचा आणि घडी मोडून पुन्हा घालायचा. मला त्या हसण्याची तेव्हाही चीड यायची.

मग गुरूला पोटाचं दुखणं लागलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी शेवटी घरी न्या म्हणून सांगितलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची खाट होती. मी संध्याकाळी एसटीतून उतरलो की तिथं थोडा वेळ टेकायचो. एकदा मी असतानाच अप्पा कुठलंसं मयत उरकून आले आणि कसं भाषण झालं, माणसं कशी रडली, ते सांगू लागले. गुरूनं सगळं ऐकून घेतलं. आवाज पार बसला होता त्याचा, पण चेहऱ्यावर चेष्टा होती.

"अण्णा," तो म्हणाला, "माझं भाषन आत्ताच करा की. तवा मला कुटं ऐकू येनार हाय?"

अप्पा गडबडले. काहीतरी अभद्र बोलू नकोस, बरा होशील, असं म्हणाले. गुरूनं चेष्टा सोडून दिली आणि पुन्हा एकदा मागितलं. फार नको, थोडंच करा म्हणाला. अप्पांनी खाटेवरची चादर ओढून सारखी केली. "जित्या मानसापुढं माझी जीभ वळत न्हाय गुरू," असं म्हणून ते दुकानात गेले आणि उगीचच ठाणं खालीवर करत बसले. गुरू माझ्याकडं बघून हसला. तेच ते घडी मोडतानाचं हसणं.

त्या आठवड्यातच गुरू गेला.

अप्पांचं घर लिंगायत, आणि लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती, डोक्याला फेटा, गळ्यात हार, आणि फुलांनी सजवलेल्या पालखीसारख्या विमानात बसल्या बसल्याच नेतात. पुरायचंही बसवूनच. तसा गुरू स्मशानात माइकच्या बरोबर समोर बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पहिल्या रांगेत जागा मिळाली होती. सगळे जमले, स्वामी आले, खड्डा तयार होता, पण साहेब यायचे होते. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. ते निघालेत, असा निरोप आला होता आणि ते आल्याशिवाय पुढं काही करायची सोय नव्हती. माणसं कंटाळून उठू नयेत म्हणून कुणीतरी बोलत राहायला हवं होतं. कुणी म्हणजे अर्थातच अप्पा.

अप्पा बोलत राहिले. आलेल्या पाहुण्यांचं नाव घेऊन बोलले, साहेबांच्या कामाबद्दल बोलले, माणसाच्या देहाचा भरवसा नाही यावर बोलले. कार्यकर्ता दर थोड्या वेळानं कानाशी येऊन सांगायचा, की साहेब बेंबळीपर्यंत आलेत, आणि अप्पा आणखी एक विषय काढायचे. ऊन चढलं. गुरूच्या फेट्याची सावली त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेली. त्याच्या बायकोनं पुढं होऊन पदरानं त्याच्या अंगावरच्या माश्या हाकलल्या. शेवटी बाहेरचे सगळे विषय संपले आणि अप्पा विमानाकडं वळले. खरं भाषण आता होतं. ते नुसतं "गुरू" म्हणाले. भोंग्यातून ते एवढं मोठं ऐकू आलं की बसलेली माणसं ताठ झाली. पुढचा शब्द काही येईना. अप्पांचा जबडा हलत होता आणि गुरू ऐकायला बसल्यासारखा समोर बसला होता. तेवढ्यात गाड्या आल्या, धुरळा उडाला आणि कार्यकर्त्यानं अप्पांच्या हातातून माईक काढून घेतला. साहेब छान बोलले. अप्पांसारखा वक्ता या भागाला लाभला हे आपलं भाग्य, असंही म्हणाले. गुरूचं काही निघालंच नाही.

त्यानंतर अप्पांनी मयतात बोलणं सोडलं. लोकांना वाटलं, भावाचं दुःख आहे, होतील हळूहळू पूर्वीसारखे. अप्पांच्या डोक्यात वेगळंच होतं. एका सकाळी टोपी सारखी करून, लवंग धरून ते बाहेर पडले तेव्हा आम्ही एकमेकांना विचारलं, की कोण गेलं? कुणीच गेलं नव्हतं. अप्पा पेठेतल्या एका खोकल्यानं बेजार म्हाताऱ्याच्या खाटेशी जाऊन उभे राहिले, हात जोडले आणि सुरू झाले. एवढ्या वर्षांची सवय, पहिलाच शब्द 'कैलासवासी' असा गेला. लगेच कान धरून त्यांनी चूक सुधारली आणि म्हाताऱ्यानं दुष्काळात स्वतःच्या विहिरीचं पाणी गावाला कसं सोडलं होतं ते सांगितलं. खरीच गोष्ट होती ती. पण ऐकणार कोण? सुनेनं रडायला सुरुवात केली होती आणि म्हातारा, मला आत्ताच्या आत्ता सोलापूरला हलवा, म्हणून ओरडत होता. तो वाचला. दुसऱ्या एका घरची आजी मात्र अप्पांचं भाषण ऐकल्यावर आठवडाभरात गेली. नव्वदीच्या पुढची होती, पण नाव अप्पांवर आलं.

मग काय विचारता! अप्पा एका गल्लीत शिरले की दुसऱ्या गल्लीतली दारं लागायची. मालक घरात नाहीत, असं खुद्द मालकच आतून सांगायचे. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा 'अप्पा निघालेत, सावध राहा' असा मेसेज पडला आणि खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. तो सरपंचांनी टाकला होता. पुढं तेच चार माणसं घेऊन अप्पांच्या दुकानात गेले आणि हे थांबवा म्हणाले, लोकांना सोसत नाही. मी तिथंच टॉवेल बघत होतो. अप्पा शांतपणे म्हणाले, "मेल्यावर बोलत व्हतो तवा गाडी पाठवून न्हेत व्हता. आता मानसाला ऐकू येतंय तर भेव वाटतंय व्हय?" सरपंच माणसं घेऊन उठले. जाताना त्यांनी दुकानाच्या पायरीला हात लावून कपाळाला लावला, तेवढंच संरक्षण.

अप्पांना एकच दार उघडं राहिलं, ते आमचं. माझी आई ऐंशीच्या घरातली, आणि भीतीचं तिला वावडं. एका सोमवारी अप्पा अंगणात येऊन नुसते उभे राहिले. आत यावं की नाही, याचा अंदाज घेत होते बिचारे. आईनं त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "सांगा काय सांगायचं ते. पन मोट्यानं, मला कमी ऐकू येतंय."

अप्पांनी सांगितलं. त्यांची आई लवकर गेली होती. गुरू लहान असताना शाळेला जाता जाता आमच्या दारात घुटमळायचा आणि माझी आई रोज त्याच्या हातावर शेंगाची चटणी घातलेली भाकरी ठेवायची. आईला यातलं काही आठवत नव्हतं. ती इतकी मन लावून ऐकत होती की चहावर साय धरली. "आजून हाय का?" तिनं विचारलं. अप्पा म्हणाले, हाय की. मग खाली बघत म्हणाले, "वैनी, गुरूनं मागितलं व्हतं. दिलं न्हाय म्या."

आईनं त्यावर उपदेश केला नाही. येत्या सोमवारी या म्हणाली. तेव्हापासून अप्पा दर सोमवारी येऊ लागले. आईचं काहीतरी नवं चांगलं दर वेळी शोधून आणायचे आणि मोठ्यानं सांगायचे. सोमवारी आई ठेवणीतलं लुगडं नेसून, केस विंचरून ओट्यावर बसायला लागली. मी शाळा शिकलो, नोकरीला लागलो, घर बांधलं, पण आईला असं नटून कुणाची वाट बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात अप्पा दुकानात बसल्या जागीच गेले. हातात अर्धी घडी घातलेलं धोतर होतं. मयताला सगळं गाव लोटलं. ज्यांनी दारं लावली होती, ते सगळे माइकपुढं रांगेत उभे होते. अप्पा विमानात मांडी घालून, फेटा बांधून समोर बसले होते. ज्या म्हाताऱ्यानं सोलापूरला न्यायचा धोशा लावला होता, तो काठी टेकत बोलायला आला आणि रडला. सरपंच म्हणाले, की जिवंत माणसाची कदर कशी करावी हे अप्पांनी गावाला शिकवलं. शेवटी अजातशत्रू हा शब्दही आलाच. त्यांच्यात तेवढं चांगलं बोलण्याजोगं खरोखर होतं, म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, कोण काय बोललं. मी सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, "अप्पाला ऐकू आलं का?"

पुढच्या सोमवारी मी सुट्टीवर होतो. सकाळी बाहेर आलो तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली. तिच्या ध्यानात राहिलं नाही की काय, असं वाटून मी हळूच म्हणालो, आई, अप्पा गेले ना. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच ओशाळलो.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तू सांग."

मी शेजारी बसलो. सांगण्यासारखं इतकं होतं की कुठून सुरुवात करावी कळेना. ती माझ्या परीक्षेच्या दिवसांत चुलीपुढं जागत बसायची ते सांगावं, की वडील गेल्यावर तिनं आम्हाला कधी रडून दाखवलं नाही ते? "आई, तू..." एवढंच म्हणालो. दोनदा खाकरलो. ऑफिसात माणसं मला बोलका म्हणतात. पेठेतून माणसं जात-येत होती, अप्पांच्या दुकानाला कुलूप होतं, आणि आई माझ्या तोंडाकडं बघत, कानामागं हात धरून बसली होती.

मग तिनं हात खाली घेतला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"घाई न्हाय," ती म्हणाली. "पन लई उशीर बी करू नगं."