डाव्या हाताची झाडी

नारायण ढोले गुरुजी. हे नाव आधी लिहितो, कारण ते नसते तर मला लिहिताच आलं नसतं. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांनी माझं बोट धरून पाटीवर फिरवलं. पुढे त्यांची बदली नागपूरला झाली, तेव्हा संत्र्याच्या बगिच्याची राखण करणाऱ्या माझ्या बापाला ते म्हणाले, "पोरगं माह्यासंगं येऊ दे गा. माह्या मध्यासंगं दोन घास खाईन." ते दोन घास मी सात वर्षं खाल्ले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, कोराडीला नोकरीला लागलो. आज माझ्या अंगावर जे बरं दिसतं ते सगळं त्या माणसाचं आहे.

आणि त्याच माणसाच्या घरी मी गेली दहा वर्षं एक खोटं पाळून ठेवलं आहे. हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही, बायकोपाशीही नाही. तुम्हाला का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं — आता मला ते सरळ सांगता येतं. रडगाणं गाणार नाही.

मध्या म्हणजे मधुकर, गुरुजींचा एकुलता एक मुलगा. माझ्याच वयाचा. त्याला जंगलखात्यात अधिकारी व्हायचं होतं. लेखी परीक्षा पास झाला होता, शरीराची तपासणी तेवढी राहिली होती. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कॉलेजातले आम्ही सहा मित्र गुलमर्गला गेलो. विद्यार्थ्यांसाठी स्कीइंगचं शिबिर होतं, रेल्वेची सवलत होती, आणि आमच्यापैकी कुणीही गारांपलीकडे बर्फ पाहिलेला नव्हता. स्टेशनवर गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "गुणवंता, हा मध्या म्हणजे नुसता पळते. तू त्याच्या मागं राह्यजो." मी हो म्हणालो. मागं राहायला सांगितलं होतं, हे तेवढं ध्यानात असू द्या.

आम्ही कापसाच्या मुलखातली पोरं. दिवाळीनंतर वेचलेल्या कापसाचा ढीग घरात पार आढ्याला टेकायचा. सुट्टीत मध्या गावी आला की आम्ही त्यात उड्या मारायचो. नियम असा — जो आत बुडेल त्यानं "मेलो गा, मेलो!" म्हणून ओरडायचं, आणि बाहेरच्यानं त्याला मुळीच ओढायचं नाही. तो नाकातोंडात कापूस घेऊन आपसूक वर येईतो थांबायचं, मग हसायचं. हा खेळ आम्ही गुलमर्गला नेला. बर्फात पडला की प्रत्येकजण "मेलो गा!" ओरडायचा आणि बाकीचे पाचजण खिदळायचे. आम्हाला शिकवणारे उस्ताद पन्नाशीचे काश्मिरी गृहस्थ होते. त्यांनी कुणाकडून तरी अर्थ विचारून घेतला आणि हसले नाहीत. "बेटा, ये रुई नहीं है," एवढंच म्हणाले.

पडण्यात माझा नंबर पहिला. पायात लाकडाच्या लांब पट्ट्या, हातात काठ्या, अंगात गुरुजींचा जुना लोकरी कोट. मी निघालो की खालून ओरडा व्हायचा, "सरका रे, गुणवंताची बंडी आली! बैल कुठी हायेत?" बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. सगळ्यात मोठ्यानं मध्या ओरडायचा. आठ दिवस मी हे हसत ऐकलं. वरवर हसत.

नवव्या दिवशी सकाळी उठलो तर सारा डोंगर नवा झाला होता. रात्रभर पडलेला बर्फ, मांडीइतका खोल, पिठासारखा भुसभुशीत. उस्तादांनी आमच्या जोड्या लावल्या आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली. पुढच्यानं दहा वळणं घेतली की थांबायचं, मागं पाहायचं, काठी उंच करायची. जोडीदार दिसल्याशिवाय पुढं जायचं नाही. माझ्या जोडीला मध्या. तो म्हणाला, "बंडी पुढं जाऊ दे, मी मागून येतो. पडला तं उचलाले कोणी पाह्यजे." म्हणजे तो माझ्या मागं राहिला, आणि गुरुजींना दिलेला शब्द मी तिथंच सोडला. मला पुढं जायचंच होतं.

आणि मी पडलो नाही.

तो आनंद मी लपवणार नाही. त्या बर्फात पायाखाली आवाजच नव्हता. छातीवर पांढरा धुरळा उडत होता, वळण मागितलं की मिळत होतं. एकदा थांबलो, काठी उंच केली, मध्यानं वरून काठी दाखवली. पुन्हा निघालो. तेवढ्यात बर्फ परत पडायला लागला. खाली बाकीचे चौघे आणि उस्ताद उभे दिसत होते, माझ्याकडे बघत. थांबायची जागा आली. आणि मागून हाक आली — "मेलो गा, गुणवंता!"

खेळ वाटला का? पहिल्या हाकेला, हो, वाटला. तेवढं मी स्वतःला देतो. पण मग दुसरी हाक आली. तिच्यात "मेलो" नव्हतं. नुसतं माझं नाव होतं, अर्धवट तुटलेलं. सात वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाचा आवाज मला ओळखता येत नव्हता? येत होता. पण थांबलो असतो तर परत निघताना पडलो असतो, आणि खाली सगळे बघत होते. मी थांबलो नाही.

खाली टाळ्या वाजल्या. "अरे, बंडीची मोटार झाली!" कुणीतरी पाठीवर थाप मारली. उस्तादांनी मात्र विचारलं, "जोडीदार?" मी वर पाहिलं. बर्फाच्या पडद्यात काही दिसत नव्हतं. त्या क्षणी खरं बोलायला चार शब्द पुरे होते. मी म्हणालो, "तो डावीकडे झाडीत घुसला. मी नाही म्हणत होतो, ऐकलं नाही."

काहून म्हणालो? याचं उत्तर मी दहा वर्षं शोधलं, आणि उत्तर लहानसंच आहे. टाळ्या अजून वाजत होत्या.

सगळे डाव्या हाताच्या झाडीत शोधायला गेले. मीही गेलो. मध्याच्या नावानं हाका मारल्या, आणि त्यात माझ्या हाका सगळ्यात मोठ्या होत्या. तास उलटून गेला. मग मी म्हणालो, मी एकटा वरून फिरून येतो. उस्ताद नको म्हणत असताना गेलो, आमच्या वाटेवर गेलो, आणि ज्या जागेवरून हाक आली होती तिथं अर्धा गाडलेला मध्या मला लगेच सापडला. लगेच. मी त्याला कोटात गुंडाळलं, शिट्टी वाजवली. माझ्या हिमतीची गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या शिबिरात झाली.

पडताना मध्याच्या पायाचं हाड मोडलं होतं. ते मोडणं कुणाच्या हातात नव्हतं. ते जुळलं. पण डाव्या पायाची तीन बोटं थंडीनं काळी पडली होती, ती कापावी लागली. श्रीनगरच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, तासभर आधी आणला असता तर वाचली असती. डोक्याला मार लागल्यामुळे मध्याला त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. जंगलखात्यानं त्याला तपासणीत नापास केलं. आता तो नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत कारकून आहे.

हे एवढंच असतं तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो, इतका मी स्वतःला ओळखतो. पण माझं खोटं त्या घरात वाढत गेलं. मध्यानं काही सुचवलं की गुरुजी म्हणत, "तुह्या मनानं चालून पाह्यलं ना एकदा?" मध्या मान खाली घाली. माझ्या लग्नात त्यानं मला मांडवामागे नेलं आणि हात धरून म्हणाला, "माह्यापायी तुले जीव धोक्यात घालावा लागला गा. माफ कर मले." न केलेल्या गुन्ह्याची माफी. आणि मी म्हणालो, "जाऊ दे गा." माफ केलं मी त्याला! त्या उताराचं मला भय वाटतं, पण त्या मांडवाची मला लाज वाटते.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी होतो. मध्याला त्याच्या मुलीला घेऊन रामटेकचा डोंगर चढायचा होता. सात वर्षांची पोर, चपला घालून तयार. गुरुजी दारातच म्हणाले, "पोरगी तुह्या हाती नाही देत. गुणवंता संगं येत असन तं जा." पोरीनं बापाकडे पाहिलं. बाप माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "चाल गा, तू असला म्हणजे मलेही बरं वाटते."

मी काम आहे सांगून निघालो. कोराडीची बस पकडली, क्वार्टरवर येऊन कागद घेतला. पत्र दुसऱ्या सकाळी टाकलं. त्याची नक्कल ही:

तीर्थरूप गुरुजींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुलमर्गला मधुकर झाडीत गेला नव्हता. ते मी रचलेलं होतं. तो उस्तादांनी सांगितलेल्या वाटेनं, नियमानं, माझ्या मागून येत होता. पडल्यावर त्यानं मला दोनदा हाक मारली. दोन्ही मला ऐकू आल्या. मी थांबलो नाही. खाली आल्यावर मी सगळ्यांना चुकीच्या बाजूला शोधायला लावलं आणि तो कुठं आहे हे ठाऊक असून तासभर बोललो नाही. त्या तासात त्याच्या पायाची बोटं गेली. मी त्याला वाचवला नाही, उशिरानं उचलून आणला. तुम्ही त्याला आजवर जे बोललात ते माझ्या शब्दावर बोललात.

याच मजकुराचं दुसरं पत्र मधुकरच्या नावे त्याच्या शाळेच्या पत्त्यावर याच टपालानं टाकत आहे.

गुणवंत