सिकंदरचं कुलूप

सिकंदर शेखनं शिवलेली पँट कधी आखूड झाली नाही. एकच माप तो चार-चार वेळा घ्यायचा, मग कापायचा; कशाचीच खात्री न पटणं हा त्याचा रोग. गल्लीनं त्याच्या रोगाच्या पँटी वीस वर्षं मिरवल्या आणि रोगाची मात्र टिंगल केली. त्यात पहिला मी. त्याच्या घरासमोर माझं दाढीचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय माझा वस्तरा चालत नाही.

सिकंदर दाराला कुलूप लावायचा, ओढून बघायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. कधी सात वेळा, कधी वीस वेळा. बोटांना घट्टे पडले होते. "येडा न्हाय मी, गणपतराव," तो मला एकदा म्हणाला, "लागलंय ते दिसतंय की. पर जीव ऐकत न्हाय." हे मी नक्कल करून चार गिऱ्हाइकांना सांगितलं.

मग आम्ही खेळच काढला. तो कोपऱ्यावर पोचला की कुणीतरी ओरडायचं, "सिकंदर, दार उघडं दिसतंय की!" तो वळायचाच. आम्ही पोट धरून हसायचो. कोल्हापुरात याला खेचणं म्हणतात आणि त्यात प्रेम असतं अशी आमची समजूत आहे.

त्याची मुलगी मदिहा नर्सिंग शिकलेली. तिनं बापाला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, आणि एक शिस्त. कुलूप एकदाच ओढायचं, जीव कितीही तडफडला तरी मागं फिरायचं नाही. "लागलंय का?" असं त्यानं विचारलं तर कुणी उत्तर द्यायचं नाही. शर्ट घामानं भिजायचा, पण पाच महिन्यांत सिकंदर एका ओढीवर निघायला लागला. माझ्या दुकानातली करमणूक गेली.

मदिहाचा निकाह पेठ वडगावात होता, दुपारच्या नमाजानंतर. सगळे गाडीत बसल्यावर तिनं किल्ली बापाच्या हातात दिली. "कुलूप तुमीच लावा, अब्बा, आणि गाडीवरनं मागनं या. तुमी आल्याबिगर मी कबूल म्हणणार न्हाय."

सिकंदरनं कुलूप लावलं, एकदाच ओढलं आणि मोटरसायकल कोपऱ्यापर्यंत नेली. मी दुकानाच्या दारात उभा होतो. मी ओरडलो. दुसरं कुणी नव्हे, मीच.

तो परतला. ओढलं, गेला, पुन्हा आला. अर्धा तास झाला तेव्हा मी घाबरलो. जवळ जाऊन म्हणालो, "अरे, गंमत केली. लागलंय कुलूप, जा तू."

तो कुलूप ओढतच म्हणाला, "मगाशी उघडं म्हणालात, आता लागलंय म्हणताय. ह्यातली गंमत कुठली?"

मी शपथ घेतली, त्याचा हात धरून ओढला. तो लहान मुलासारखा रडत होता आणि कुलूप सोडत नव्हता. खिशातला फोन वाजत होता. वडगावात दोन तास वाट बघितली गेली. काझींना पुढचा निकाह होता, पाहुणे कुरकुरायला लागले, शेवटी चुलता बापाच्या जागी उभा राहिला.

चार वाजता सिकंदरनं फोन उचलला. "दारातच हाय," एवढंच म्हणाला. मदिहानं फोन ठेवला नाही. काझींनी विचारलेलं मलाही ऐकू आलं. तिचं कबूल सिकंदरनं डाव्या हातातल्या फोनवर ऐकलं. उजवा हात तेव्हाही कुलूप ओढत होता.