खांद्याला घट्टा नसलेला बैल

वाळलेल्या लसूणघासाला सकाळच्या उन्हात एक गोडसर, उबदार वास येतो. सिडनीच्या पश्चिमेला आमच्या विद्यापीठाच्या फार्मवर तो वास माझ्या अंगात इतका मुरला होता, की सत्तरच्या दशकाअखेर अण्णा मला भेटायला आले, तेव्हा विमानतळावर मी पाया पडताच ते म्हणाले, "गोठ्यातूनच आलास होय रे?" केवढे सुखावले होते ते! परदेशी जाऊनही मुलगा जनावरांत रमला, हे त्यांचं समाधान होतं. ती जनावरं मांसासाठी वाढवतात, हे मी पत्रांतून कधी लिहिलंच नव्हतं.

गावाकडे बैल घ्यायचा तर लोक अण्णांना बाजारात सोबत नेत. ही कीर्ती मी आमच्या मॅनेजरला कौतुकाने सांगितली होती. अण्णांना फार्म दाखवायला नेलं तेव्हा तो म्हणाला, "विचार तुझ्या डॅडना, यातला सर्वांत भरलेला कोणता?" निवडलेला बैल पुढच्या आठवड्यात कत्तलखान्यात जाणार, हे मला ठाऊक होतं, अण्णांना नव्हतं. पाठीवरून, बरगड्यांवरून, शेपटीच्या मुळाशी त्यांची बोटं फिरली. चरबी जोखायला मी विद्यार्थ्यांना नेमकं हेच शिकवत असे. पांढऱ्या तोंडाच्या एका तांबड्या बैलापाशी ते थांबले.

"मीही हाच काढला असता, मेट," मॅनेजर हसला. मी बैलाच्या कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर वहीत उतरवला.

अण्णांचा हात अजून बैलाच्या खांद्यावर होता. "घट्टा नाही रे. जू पाहिलंच नाही याने. मग याचं काम काय?"

"मुलांना शिकवायला आहे, अण्णा."

"म्हणजे मास्तरच की."

मी खोटं बोललो का? अण्णा परतल्यावर दोनच दिवसांनी तो बैल कत्तलखान्यात गेला, आणि टांगलेल्या त्या देहापुढे उभे राहून माझे विद्यार्थी खरोखरच शिकले. सत्याचा इतका निर्दय उपयोग आणखी कुणी केला असेल?

मग पत्रं येऊ लागली. मास्तर बरे आहेत ना? तिकडची थंडी त्यांना बाधत नाही ना? सहा-सात वर्षं मी खुशाली कळवत राहिलो. शेवटच्या पत्रात अण्णांनी लिहिलं, "आता त्याचं वय झालं असेल. पोरांपुढे उभं करू नका. मोकळा सोडा." मी कळवलं, सोडला. पुढच्या महिन्यात अण्णा गेले.

लोक वडिलांच्या मायेसाठी झुरतात. मी त्यांच्या रागासाठी झुरतो. त्यांनी सगळं ऐकून घ्यावं, तोंड फिरवावं, चार दिवस माझ्याशी अबोला धरावा. पाचव्या दिवशी ते काय बोलले असते, एवढंच मला ऐकायचं होतं.